टिटवीचा रोज नवा डबा

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात घरोघरी कॉम्प्युटर आले, तेव्हाची ही गोष्ट.

तळ्याकाठी एक टिटवी राहायची. आभाळ कोसळेल म्हणून ती पाय वर करून झोपायची. त्यात पदरात एक लेक, पिटुकली. मग काळजीला काय तोटा!

एकदा शाळेतून निरोप आला. हेडमास्तर होते गवा सर. "'आमचं तळं' हा निबंध शाळेच्याच सिस्टीमवर लिहा. शनिवारपर्यंत आला नाही, तर मूल त्याच वर्गात बसेल."

टिटवीच्या कॉम्प्युटरवर सिस्टीम दुसरीच. तिने मेकॅनिकला बोलावलं, उदमांजरभाऊला.

"घाबरता कशाला ताई? तुमच्याच कॉम्प्युटरच्या आत एक बंद डबा करतो. शाळेची अख्खी सिस्टीम त्या डब्यात बसवतो. तिच्या खिडक्या, तिचं घड्याळ, सगळं आत."

"आणि व्हायरस शिरला तर?"

"डब्यातला डब्यातच मरेल. बिघडलं काही, तर डबा फेका. हे बटण दाबलं की कोरा करकरीत डबा हजर!"

टिटवीचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी पिटुकलीने निबंध लिहिला. खाली बेडूक काढला. संध्याकाळी टिटवीच्या मनात आलं, दिवसभर वापरलेला डबा उद्या लेकीला तसाच द्यायचा? शी! तिने डबा फेकला आणि बटण दाबलं.

मंगळवारी पिटुकली ओरडली, "आई गं, माझा निबंध कुठंय? बेडूकपण नाही!"

"व्हायरसनंच गिळला!" टिटवी म्हणाली. "आता डबा दिवसातून दोनदा बदलायचा."

मंगळवारचा निबंध दुपारीच गेला. बुधवारी टिटवीने डब्यात डबा बसवला, त्यात आणखी एक. कॉम्प्युटर धापा टाकू लागला. पिटुकलीने सकाळी दाबलेला 'त' दुपारी उमटला.

शुक्रवारी उदमांजरभाऊने येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, डबा फेकला की आतलं सगळं जातं! लिहिलेलं टिकवायचं, तर डब्याला भोक पाडून ते बाहेर ठेवायचं असतं."

"भोक? अरे मेल्या, मग बंद डबा घेतला कशाला मी? व्हायरसला पाट मांडायला?"

तिने त्याला टोच मारून हाकललं.

शनिवारी पिटुकली पंखाखाली काहीतरी दाबून शाळेत निघाली. टिटवी मागोमाग. लेकीचं वर्ष गेलं, असं ती पुटपुटत होती.

पिटुकलीने पळसाचं पान पुढे केलं. निबंध चोचीने टोचून टोचून लिहिलेला. कडेला बेडूक.

गवा सरांनी सिस्टीमकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. मग वाचलं. डोळे मिटून डुलले. "वा! दहापैकी दहा. जा पुढच्या वर्गात!"

आणि सवयीने पान तोंडात टाकून चघळू लागले.

टिटवी किंचाळली, "अहो सर! न धुताच?"

तात्पर्य : मुलांनो, काळजी घ्यावी तर टिटवीसारखी. आतला निबंध गेला तरी चालेल, डबा मात्र लख्ख राहिला पाहिजे.