परबचा काटकसरी गुणाकार

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमधला सुहास परब कुणाकडेही गेला, की पाण्याचा ग्लास हातात यायच्या आत त्यांच्या टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करतो. टीव्ही बंदच असतो, पण त्याचा तो बारीक लाल दिवा परबच्या डोळ्यांत खुपतो. “फुकट करंट खातोय ना यार,” म्हणतो. गणपतीत त्याने मंडपातली रोषणाई भरदुपारी बंद केली, तेव्हा सेक्रेटरींनी बटणावर चिकटपट्टीच मारली.

परब अंधेरीला चिपच्या आतली सर्किटं डिझाइन करतो. सध्या एकच ध्यास: दोन व्होल्टेज आत, त्यांचा गुणाकार बाहेर. मी म्हटलं, “अरे, गुणाकार माझा मोबाइलपण करतो.”

“करतो रे. पण खातो किती?” जणू माझ्याकडे एखादा जावई ठाण मांडून बसलाय.

त्याचे ट्रान्झिस्टर म्हणे अर्धवट झोपेत असतात. त्यांना पूर्ण जागं न करता काम काढून घ्यायचं. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलेलं, मला लगेच समजलं.

परवा रविवारी सकाळीच त्याने बेल वाजवली. चिपचा नमुना बनून आला होता आणि झकास चालला होता. मला ओढतच घरी नेलं. त्याच्या आई वाल सोलत बसल्या होत्या. परब त्यांच्यासमोर बसून हातवारे करत सांगू लागला. ही चिप कानाच्या मशीनसाठी. बारीक आवाजाला मोठ्या आकड्याने गुणायचं, भांडं आपटलं तर लहान आकड्याने, आणि सेल जवळजवळ खायचाच नाही. आई हसून मान डोलावत होत्या. “बरां केलंस हां,” म्हणाल्या.

तेवढ्यात आत कुकरने शिट्टी दिली. आईंनी मानही वळवली नाही.

“सुहास, त्यांच्या कानातलं मशीन बंद आहे रे.”

“माहित्येय. सेल वाचवते. फोन करायचा असला की चालू, मी घरात असलो की बंद. म्हणते, घरच्या माणसाचं काय ऐकायचं? बटणं बंद करायला मीच शिकवलं ना.”

मला फार वाईट वाटलं. “मग चालू करायला सांग की.”

“खुणेने सांगितलं की करते, मी वळलो की परत बंद. पण ही चिप बसली ना, की मशीन दिवसभर चालू ठेवलं तरी तिचा जीव तुटणार नाही.”

मग त्याने मूठभर वाल आपल्याकडे ओढले आणि सोलता सोलता उरलेलं सर्किट आईला समजावून सांगू लागला.