शब्दाची पक्की हडळ

बनशंकरीतल्या 'सुखनिवास' या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत सोमवारी सकाळी बरोबर अकरा वाजता एक हडळ आली. गेटवरच्या शिवाप्पाने नियमाप्रमाणे तिला नाव, मोबाइल नंबर आणि कुणाकडे जायचंय ते विचारलं. मोबाइल नव्हता आणि पाय उलटे होते, पण पायांविषयी नियमावलीत काहीच म्हटलेलं नव्हतं. ॲपमध्ये 'हडळ' असं सदर नसल्यामुळे त्याने 'इतर'वर बोट ठेवलं आणि सूचना सेक्रेटरी गुंडूरावांच्या फोनवर धाडली. गुंडूराव दाढी करत होते. त्यांनी न बघताच कोपराने 'परवानगी आहे' दाबलं. सगळे तसंच दाबतात.

हडळीला आत शिरायला आतल्या माणसाची परवानगी लागते. पूर्वी त्यासाठी बिचारीला वर्षानुवर्षं तळ्याकाठी बसून राहावं लागे. तंत्रज्ञानाने तिचेही कष्ट वाचवले आहेत.

मंगळवारी तिने सोसायटीच्या खजिनदारांना गिळलं, बुधवारी पाळीव प्राणी उपसमितीच्या अध्यक्षांना. दोघांनाही तिने आदल्या दिवशी जिन्यात गाठून सांगितलं होतं, "उद्या अकराला येते हं." आणि अकराच्या ठोक्याला बेल वाजली होती. सोसायटी मुळापासून हादरली. टाकी दुरुस्त करायला चार महिन्यांपूर्वी 'येतो' म्हणालेला प्लंबर अजून यायचा होता. सांगितलेल्या वेळी दारात कुणी उभं राहील अशी कल्पनाच नसल्यामुळे दोघांनीही बेसावधपणे दार उघडलं.

कमिटीने तातडीने परिपत्रक काढलं: सभासदांना गिळण्याचं काम सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेतच करावं, आणि लिफ्टमध्ये करू नये.

बुधवारी संध्याकाळी हडळीने गुंडूरावांचं दार वाजवलं.

"अण्णा, तुम्ही मला आत घेतलंत. यजमानाला टाळलं तर बरं दिसत नाही. शनिवारी दुपारी बाराला येते."

गुंडूरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी मात्र आतून विचारलं, "यांच्या जेवणाआधी की नंतर?"

"नंतर चालेल की, अक्का. उपाशी माणूस पोटात फार कुरकुरतो."

गुंडूरावांनी यशवंतपूरच्या मल्हारराव मांत्रिकांना फोन लावला. मल्हारराव "निघालोच" म्हणाले आणि शुक्रवारी पोचले. हडळीला त्यांनी बॅडमिंटन कोर्टावर रिंगणात उभं केलं, लिंबू कापलं आणि गरजले, "म्हण, मी जाते! तीनदा म्हण! मग तुला परत येता येणार नाही!"

हडळीने पदर तोंडाला लावला. "तसं नाही हो म्हणता येणार."

"का?"

"घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. सासूबाईंनी घोटून घेतलंय माझ्याकडून."

"बरोबर आहे तिचं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "आपल्या कानडी शेजारणीसुद्धा जाताना 'बर्तीनी'च म्हणतात, म्हणजे 'येते'च की. बाईमाणूस तोंडाने 'जाते' कशी म्हणेल?"

"अगं, ती मला गिळणार आहे!"

"म्हणून तिने वळण सोडायचं?"

शेवटी तडजोड झाली. हडळ "येते" म्हणून निघाली, शिवाप्पाने 'बाहेर गेली' अशी नोंद केली आणि दहाव्या मिनिटाला ती पुन्हा गेटवर हजर. असं तीनदा झालं.

"सायेब," शिवाप्पा वैतागला, "ह्या बाईचा ह्यो आजचा तिसरा ओटीपी हाय. ॲप म्हणतंय, रोजची कामवाली म्हणून नोंद करा."

"माझा नाइलाज आहे," हडळ ओशाळून म्हणाली. "आमच्यात 'येते' म्हटलं की यावंच लागतं. शब्द मोडला की हडळपण गेलं. पण मग तुम्ही माणसं 'येतो' म्हणता, तेव्हा?"

"ते निघण्यासाठी असतं," गुंडूराव म्हणाले. "येण्यासाठी नसतं."

आणि बोलता बोलता ते थबकले. चिकपेटेत तीस वर्षं कापडाचं दुकान चालवताना त्यांनी मुंजी, बारशी, साखरपुडे आणि दोन बाराव्यांना "नक्की येतो" म्हटलं होतं आणि एकालाही गेले नव्हते. मांत्रिकाच्या लिंबात नव्हती तेवढी सिद्धी या माणसाच्या जिभेवर होती.

त्यांनी मल्हाररावांना निरोप दिला. (ते "परवा परत येतो" म्हणाले. कुणी वाट पाहिली नाही.) मग हडळीला जुना फोन दिला आणि दुपारभर शिकवलं. 'निघालेच' हे अंथरुणातूनही टाइप करता येतं. 'पाच मिनिटं' हे वेळेचं माप नसून एक भावना आहे. पहिल्या धड्याला हडळ रडली. तिसऱ्या धड्यापर्यंत अंगठ्याने 'नक्की' लिहू लागली.

"आणि उद्याचं, अण्णा?"

"या की, नक्की या! पण सकाळी जरा शहराच्या पार पलीकडचं इंदिरानगर बघून या. छान आहे म्हणतात."

शनिवारी सकाळी ती "बाराला येते" म्हणून गेली. गुंडूराव जेवून कोचावर बसले. समोर घड्याळ, मागे सरस्वतीबाई, हातात जपमाळ. बारा वाजले. बेल वाजली नाही. बारा वाजून तीन मिनिटांनी फोन थरथरला.

'अण्णा निघालेच.'

साडेबाराला: 'स्वल्प ट्रॅफिक आहे. पाच मिनिटं.'

एकला: 'सॉरी अण्णा, आज जमत नाही. पुढच्या आठवड्यात नक्की!!' आणि हात जोडल्याचं चित्र.

त्याच क्षणी इंदिरानगरच्या एका कॉफीच्या दुकानात हडळीचे पाय सरळ झाले, आणि गिळलेले दोघे पदाधिकारी सोसायटीच्या गेटबाहेर उगवले. शिवाप्पाने त्यांना अर्धा तास ताटकळत ठेवलं, कारण त्यांना 'परवानगी आहे' म्हणायला आत कुणी फोनच बघत नव्हतं. रविवारी त्यांचा सत्कार ठेवला होता. दोघेही "येतो" म्हणाले. हार वाळून गेले.

आता 'सुखनिवास'मध्ये सांगितलेल्या वेळी बेल वाजली की कुणी दार उघडत नाही. आधी फटीतून पाय बघतात.

तुम्हीही परवा कुणाला तरी "येतो" म्हणाला होतात. तो अजून वाट पाहत असेल. खाली बघायचं कारण नाही, निर्धास्त राहा. तुमचे पाय अगदी सरळ आहेत.