सहाशे चाळीस उत्तरं

पाने १ ते १२०

पुस्तक कापायचं हे बाइंडरने एकट्याने ठरवलं आणि कापून झाल्यावर बाकीच्या दोघांचं मत विचारलं.

"कसं वाटतंय?"

जेवणाच्या सुट्टीत लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे उभी होती. नकाशांच्या त्या कार्यालयात दार लावून बसता येईल अशी तेवढीच एक खोली होती. लिफ्टमामा आपल्या स्टुलावर, टपालमावशी रद्दीच्या गठ्ठ्यावर आणि बाइंडर उभा. त्याच्या हातात इंग्रजी व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकाचे तीन तुकडे होते.

"अहो, हे कार्यालयाचं पुस्तक आहे ना? मोठ्या बाईंच्या कपाटातलं?" मावशींनी विचारलं.

"कार्यालयाचंच. म्हणून तर नीट कापलंय. शिवण उसवून, कडा धरून. एक पान दुखावलेलं नाही."

"पण कापलंत कशाला?"

"मावशी, माणसं तीन, पुस्तक एक. तुम्ही घरी नेलंत की मामा रिकामे, मामांनी नेलं की मी रिकामा. आता बघा. पहिला भाग, नियम. दुसरा भाग, प्रश्न. तिसरा भाग, उत्तरं. दर सोमवारी बदलायचे."

लिफ्टमामांनी लिफ्ट चालू केली. बावीस वर्षं लिफ्टमध्ये बसून त्यांना एक सवय लागली होती. कोणी काही बोललं की आधी ते त्याला त्याच्या मजल्यावर पोचवत आणि मग विचार करत.

मामांची अडचण अशी होती. महिनाअखेर जुनी लिफ्ट निघणार होती. नवीन येणार होती तिला बटणं होती, माणूस नव्हता. मामांना गावाबाहेरच्या गोदामात पाठवायचं ठरलं होतं. तिथे जुन्या नकाशांची भेंडोळी होती, ती खाणारी वाळवी होती आणि त्या दोघांवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं. त्यातून सुटायची वाट एकच: तळमजल्यावर अभ्यागतांसाठी नवा काउंटर होणार होता. नकाशे शोधत बाहेरून लोक येत, ते इंग्रजीत बोलत, म्हणून त्या काउंटरच्या एका खुर्चीसाठी इंग्रजी व्याकरणाची परीक्षा होती.

मावशी आणि बाइंडर यांनी अर्ज केले ते निव्वळ सोबत म्हणून. दोन आठवड्यांनी मावशी म्हणाल्या, "तशी ती खुर्ची खिडकीपाशी आहे म्हणे. वारा चांगला येतो." बाइंडर म्हणाला, "खळीचा वास घेऊन घेऊन माझं नाक गेलंय." मामांनी दोघांकडे पाहिलं आणि दोघांनाही आपापल्या मजल्यावर सोडलं.


पाने १२१ ते २८०

तुकडे केल्याचा परिणाम बाइंडरला वाटला होता त्यापेक्षा वेगळा झाला.

ज्याच्याकडे नियम असत तो आठवडाभर उपदेश करी. ज्याच्याकडे प्रश्न असत तो आठवडाभर हैराण असे. आणि ज्याच्याकडे उत्तरं असत तो आठवडाभर शांत, समाधानी, काहीसा वरून बघणारा होई.

"मावशी, सराव चौदा, सातवा प्रश्न," मामा विचारत. "रिकाम्या जागी काय येईल?"

"थांबा." मावशी पानं उलटत. "हॅज बीन."

"का?"

"का म्हणजे? इथे लिहिलंय."

"अहो पण कारण?"

"कारण पहिल्या भागात असेल. तो बाइंडरभाऊंकडे. मी कशाला दुसऱ्याच्या भागात नाक खुपसू?"

परीक्षेच्या आदल्या सोमवारी उत्तरं पुन्हा मावशींकडे आली. रस्त्यात कोणी पाहू नये म्हणून त्यांनी ती चाळीस पानं खाकी पाकिटात घातली, पाकीट डिंकाने बंद केलं आणि घरी नेताना विसरायला नको म्हणून टेबलावर ठेवलं.

मावशींच्या टेबलावर बंद पाकीट फार वेळ राहत नसे. एकोणतीस वर्षांत राहिलं नव्हतं. हात आपला आपण चाले: शिक्का, क्रमांक, पत्ता, थैली. पत्ता नसेल तर मुख्यालयाचा, कारण पत्ता नसलेली पाकिटं बहुधा मुख्यालयालाच जायची असत.

जावक क्रमांक ४१२. विषय: –––. सोबतपत्र: नाही. पाने: ४०.

हे त्यांच्या लक्षात आलं बुधवारी, परीक्षेच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. त्याच वेळी मोठ्या बाई बाइंडरच्या टेबलाशी येऊन उभ्या होत्या.

"अहो, माझ्या कपाटातलं ते जाड इंग्रजी पुस्तक दिसत नाही. मला त्यातून प्रश्न काढायचेत. परीक्षा चारला आहे."

"बांधणीला घेतलंय, बाई," बाइंडर म्हणाला. हे तो इतक्या सहज म्हणाला की क्षणभर त्यालाही खरं वाटलं. "कणा सैल झाला होता."

"कोणी सांगितलं होतं?"

"कण्याकडे बघवत नव्हतं."

"तासाभरात द्या."

तासाभरात तिसऱ्या मजल्यावर पुढील संभाषण झालं.

"मावशी, तिसरा भाग द्या. लवकर."

"तो गेला."

"कुठे गेला?"

"मुख्यालयात."

"कशाला?"

"मला काय माहीत कशाला! रजिस्टरमध्ये विषयाच्या रकान्यात रेघ आहे."

"मावशी, अहो, रेघ तुम्हीच मारलीत ना!"

मामा मधे पडले. "भांडू नका. शेवटची चाळीस पानं नसली तर बाईंना कळेल का?"

बाइंडरने व्यावसायिक दृष्टीने विचार केला. "कव्हर जुनंच घालायचंय. चाळीस पानं कमी पडली तर पुस्तक आत खुळखुळेल. कळणारच."

म्हणून त्याने त्याच मापाची चाळीस पानं शोधली. ती सुधारित रजा नियमावलीची निघाली. नियम, प्रश्न आणि रजा एकत्र शिवून, कव्हर चढवून, वर वजन ठेवून त्याने एक वाजता पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं. खळ ओली होती. ते पुस्तक शेवटपासून उघडू नका, असं त्याने बजावून सांगितलं.


पाने २८१ ते ३२०

(जागेवर नाहीत.)


तेव्हा पुढे काय झालं ते पुस्तकाबाहेरून सांगावं लागेल.

प्रश्नपत्रिका टाइप करायला वेळ नव्हता. बाईंनी पुस्तकातल्या सहाशे चाळीसपैकी पन्नास प्रश्नांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि चार वाजता ते फळ्यावर उतरवले. तिघांनी कोऱ्या कागदावर एक ते पन्नास आकडे घालून नुसती उत्तरं लिहिली. बाइंडर चाळीस मिनिटांत उठला. मावशींनी प्रत्येक उत्तराखाली रेघ मारली. मामा शेवटपर्यंत बसले आणि दोनदा म्हणाले, "वर जाऊन येतो, खाली काही सुचत नाही." बाईंनी परवानगी दिली नाही. फळा पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी बाई लाल पेन घेऊन तपासायला बसल्या. त्यांची शिस्त चोख होती, पण त्यांचं इंग्रजी त्या पुस्तकावरच अवलंबून होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाहायला त्यांनी पुस्तकाची मागची बाजू उघडली. तिथे लिहिलं होतं: अर्जित रजा पुढील वर्षी साठवता येणार नाही.

त्यांनी पान उलटलं. प्रसूती रजा. आणखी एक उलटलं. रुग्णता रजेसाठी दाखला.

बाई बाइंडरच्या टेबलाशी आल्या.

"या पुस्तकाची शेवटची पानं..."

"हो, बाई?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. उत्तरं कुठे आहेत असं विचारलं असतं, तर ती कशाला हवीत हेही सांगावं लागलं असतं.

"...छान शिवलीत."

"शिवण पक्की आहे, बाई," बाइंडर म्हणाला.

त्याच दिवशी जुनी लिफ्ट निघाली. तिच्या जागी एक चौकोनी खोल खड्डा आणि चार मजली शांतता उरली. मामा स्टूल हातात घेऊन खाली उभे राहिले. त्यांना गोदामात पाठवावं तर परीक्षेचा निकाल नव्हता; न पाठवावं तर बसवायला जागा नव्हती.

"मामा, निकाल लागेपर्यंत तुम्ही काउंटरवरच बसा," बाई म्हणाल्या. "तात्पुरते हं."

"निकाल कधी लागेल, बाई?"

"तपासणी चालू आहे."

मामा तात्पुरते बसले. पहिल्या दिवशी एक पाहुणा आला. मामा म्हणाले, "प्लीज सिट." तो बसला. इथे मामांचं इंग्रजी संपलं. दोघं सव्वा तास एकमेकांसमोर सौजन्याने बसून राहिले. मग पाहुण्याने बोटाने हवेत नदी काढली, मामांनी दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं आणि काम झालं. दुसऱ्या आठवड्यात मामांकडे सहा वाक्यं होती. महिन्याभराने त्यांना मोजायची आठवण राहिली नाही.

घरी रोज तोच प्रश्न येई.

"निकाल?" बायको विचारे.

"तपासताहेत."

"अजून? तीन माणसांचे तीन कागद ना? काय भिंगाखाली तपासताहेत?"

"मोठं काम असतं ते."

"मग तुम्ही पास आहात की नाही?"

"बसतोय ना खुर्चीवर?"

"बसणं वेगळं, पास वेगळं. माझी बहीण विचारते, मी काय सांगू? बसलेत म्हणून?"

मग मुख्यालयाचं पत्र आलं.

आपल्या कार्यालयाकडून उत्तरे क्रमांक १ ते ६४० प्राप्त झाली. ती कोणत्या प्रश्नांची आहेत याचा बोध होत नाही. प्रश्नांशिवाय उत्तरे स्वीकारण्याची तरतूद नाही. सबब प्रश्न आठ दिवसांत सादर करावेत, अन्यथा उत्तरे परत पाठवण्यात येतील.

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग मावशींना बोलावलं, मावशींनी बाइंडरला बोलावलं, आणि दोघांनी मिळून सगळं सांगितलं. बाइंडर पुस्तकाच्या कापण्यापर्यंत आला तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुम्हाला दोघांना मेमो द्यायला हवा."

"द्या, बाई," मावशी म्हणाल्या. "पण मेमोत लिहाल काय? तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी उचललेलं पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर पाहिलं. "माझं नाव मागे घ्या त्या परीक्षेतून," मावशी हळूच म्हणाल्या. "माझंही," बाइंडर म्हणाला. "माझं नाक ठीक आहे."

मुख्यालयाने मागितलं म्हणजे द्यायलाच हवं होतं. बाइंडरने पुन्हा शिवण उसवली, आणि पेन्सिलच्या खुणांसकट एकशे साठ पानांचे प्रश्न रवाना झाले. उत्तरं वाचून परत करावीत, अशी विनंती सोबत होती.

पण मुख्यालयाचं ते पत्र यायलाच नऊ दिवस लागले होते. आठ दिवसांची मुदत ते थैलीत असतानाच संपली होती. प्रश्न गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी खाकी पाकीट परत आलं. प्रश्न मुदतीत न आल्याने उत्तरे परत.

म्हणजे उत्तरं इथे आणि प्रश्न तिथे. पन्नास खुणा कोणत्या सरावावर होत्या, हे बाईंना आठवत नव्हतं. तिन्ही पेपरांच्या फाइलीवर त्यांनी लिहिलं: प्रश्न परत आल्यावर तपासणी. आणि फाइल बांधून ठेवली.

"सुटलात, मामा!" बाइंडरने काउंटरवर थाप मारली. "तिथून कागद परत यायला आपण सगळे निवृत्त होऊ. खुर्ची तुमचीच."

"हो," मामा म्हणाले.

"तोंड असं काय केलंय मग?"

"काही नाही."

त्यानंतर चार संध्याकाळी मामा घरी काहीतरी लिहीत बसले. पाचव्या दिवशी ते जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले. नवी लिफ्ट सुरू झाली होती, पण तिच्यात उभं राहून स्वतःच बटण दाबणं त्यांना जमत नसे. बाईंच्या टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला. मुख्यालयाच्या नावाने अर्ज होता. प्रश्न लवकर परत पाठवावेत, म्हणजे माझा पेपर तपासता येईल. अकरा ओळी, सगळा इंग्रजीत.

"मामा, अहो, मराठीत दिला असता तरी चाललं असतं."

"तुम्हाला चाललं असतं, बाई."

"प्रश्न परत आले आणि तुम्ही नापास निघालात तर गोदाम. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग कशाला हवाय निकाल? बसलात ना छान?"

"बसलोय," मामा म्हणाले. "पण बसवलंत म्हणून बसलोय का येतंय म्हणून बसलोय, ते कुठे कळतंय? घरी विचारतात."

बाईंनी अर्ज पुन्हा वाचला. एका शब्दापाशी थांबल्या, पुढे गेल्या, परत मागे आल्या. नियमांचा पहिला भाग त्यांच्या टेबलावर होता. तो त्यांनी उघडला आणि मिटला.

"यात कुठे चूक आहे का?" त्यांनी विचारलं.

"तेच तर विचारायला आलो, बाई."

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. मग तो टेबलावर ठेवला. शेवटी त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात एक मोठी बरोबरची खूण केली.

मामांनी कागद हातात घेतला. खूण जवळून पाहिली, लांबून पाहिली. मागे काही लिहिलंय का म्हणून उलटूनही पाहिला.

"कितीपैकी, बाई?"