जुम्म्यापासून सिगरेट बंद!

हा अकबर एकदा ठरवतो म्हणजे ठरवतो! येत्या जुम्म्यापासून सिगरेट बंद! नात दोन महिन्यांची झाली, पण लेकीचा हुकूम: "अब्बा, धुराच्या हातानं अलिझाला शिवायचं नाही." नात पाळण्यात, आणि मी आपला गलबतासारखा लांब नांगरलेला!

डॉक्टर म्हणाले, "आधी तयारी करा. चार लोकांना सांगून ठेवा." चार? मी अख्खा मोहल्ला धरला! तीस वर्षं ज्यांच्या तोंडावर धूर सोडला, ज्यांच्या काड्यापेट्या ढापल्या, त्या सगळ्यांची माफी मागायची! कपाटात धुराचा वास नसलेला एकच कपडा निघाला, ईदचा पांढरा कुर्ता. तो चढवला नि निघालो.

"अद्नान, जुम्म्याला ठरलंय बघ. कहासुना माफ कर."

लाँचच्या इंजिनाचं काम टाकून अद्नाननं मला मिठीच मारली. "चाचा, नशीबवान तुम्ही! माझ्यासाठी दुआ करा हां!"

सिगरेट सोडताना दुसऱ्यासाठी दुआ? असेल बुवा! "करतो," म्हटलं.

मासळीवाली बकुळा तर डोळेच पुसायला लागली. "अकबरभाय, माज्या बाबल्याचं लगीन जमूदे म्हणून तकडं सांगा हां!"

तकडं म्हणजे कुठं? पानाच्या टपरीवर?

बुधवारी दुपारी घर माणसांनी भरलं. माझ्या गळ्यात मोगऱ्याचा हार!

"अहो, हे काय चाललंय?" बायको हमिदा कुजबुजली.

"मला काय ठाऊक! सोडणाऱ्याची एवढी कदर असते हे माहीत असतं, तर दरवर्षी सोडली असती!"

तेवढ्यात पालीच्या सासरहून लेक आली, इफ्फत. रडत रडत तिनं अलिझाला माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या, अब्बा. निघालेल्या माणसाला नाही कसं म्हणू? विमान कधीचं?"

मांडीवर जणू पहाटच उतरली, तांबूस, दुधाच्या वासाची. मी विरघळलो. पण विमान?

"कसलं विमान?"

"उमऱ्याचं, मक्केच्या यात्रेचं! पांढरे कपडे घालून दारोदार माफी मागत फिरलात ना? असं उमऱ्याला निघालेला माणूसच फिरतो!"

"अगं, मी सिगरेट सोडतोय!"

अद्नाननं हार हळूच काढून घेतला. "चाचा, त्यापेक्षा उमरा सोपा हो!"

इफ्फतनं नाक पुढं केलं. "आज किती ओढल्यात?"

"अकराच! जुम्म्यापर्यंत…"

तिनं पोर उचलली. पण अलिझानं माझं पिवळं बोट मुठीत धरलेलं! सुटेचना! इफ्फत पुढं, मी मागं. पडवीत, स्वयंपाकघरात, पाळण्यापाशी. दोन तास एकही सिगरेट नाही! तीस वर्षांतला विक्रम!

मग ती झोपली. मूठ कळीसारखी उमलली.

मी कुर्त्याचा खिसा चाचपला. काय करणार, जुम्म्याला अजून दोन दिवस होते हो!