हलक्या हेलिकॉप्टरचे यशस्वी उड्डाण

हवेपेक्षा जड वस्तू हवेत उडवणे विज्ञानाला केव्हाच जमले आहे. समितीच्या हातून हलकी वस्तू बाहेर काढणे अजून कुणालाही जमलेले नाही. बेंगळुरूच्या एका संस्थेने (नाव सांगत नाही, तिथे माझा मेहुणा आहे) हे आव्हान स्वीकारले आणि हलके नागरी हेलिकॉप्टर बनवायला घेतले.

मुख्य अभियंता होते राजाजीनगरचे यशोवर्धन घोरपडे. त्यांचा मूळ आराखडा इतका हलका होता की वरिष्ठांना तो गंभीर वाटेना. मग सूचना आल्या. पाहुण्यांसाठी रुंद खुर्ची आली. हार अडकवायला खुंट्या आल्या. आयुधपूजेचा कोहळा ठेवायला कोनाडा आला (सुरक्षेबाबत तडजोड नाही). वजन फार वाढले, तेव्हा ते कमी करण्यासाठी समिती नेमली. प्रात्यक्षिकाला आपण स्वतः आत बसायचे, असे समितीने एकमताने ठरवले.

घोरपडे रोज हेलिकॉप्टरच्या पाठीवरून हात फिरवत, आजारी म्हशीच्या फिरवावा तसा.

"हे उडालं नाही, तर उभ्या जन्मात काय केलं म्हणून सांगू गं?" त्यांनी चाचणी वैमानिक संयोगिता इंगळेला विचारले.

"उडेल, अण्णा. यंत्रात खोट नाही."

तो दिवस आला. नादस्वर वाजले, केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, वाटला गेला, समिती आत बसली. इंजिन गरजले, पाती फिरली आणि उड्डाण झाले. (मंडपाचे. हेलिकॉप्टर जागेवरच होते.)

संयोगिता नम्रपणे मागे वळली. "सर, स्वल्प, म्हणजे जरा, एक जण उतरता का?"

सगळ्यांनी शेजाऱ्याच्या पोटाकडे पाहिले. ज्येष्ठतेचा मान राखून सर्वांत कनिष्ठ, म्हणजे सर्वांत बारीक सदस्य उतरला. काही फरक पडला नाही. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला. शेवटी रुंद खुर्चीत अध्यक्ष भीमाचार्य तेवढे उरले.

"मी उतरलो तर अध्यक्ष कोण?"

"तुम्हीच, सर. खालून जास्त लोकांना दिसाल."

हे पटले. ते उतरले आणि हेलिकॉप्टर निलगिरीच्या शेंड्यांवरून असे अलगद गेले की नादस्वरवाल्याचा सूर अर्ध्यावर राहिला. घोरपडे चपला सोडून त्याच्या सावलीमागे धावत सुटले. "सरी! सरी!" असे कानडीत 'बरोबर! बरोबर!' ओरडत होते आणि डोळे पुसत होते. संयोगिताने त्यांच्यासाठी एक चक्कर जास्त मारली.

समितीचा निष्कर्ष निर्दोष होता: हेलिकॉप्टर हलके आहे, ते उडते, अडचण फक्त 'नागरी' या शब्दात आहे. नागरिक आत बसला की ते जड होते. सबब, यंत्रात बदल नको. नागरिकाचाच आराखडा नव्याने करावा.

काम सुरू झाले आहे. तेव्हा हसू आवरा आणि पोट आत घ्या; घोरपडे मोजपट्टी घेऊन तुमच्याकडेच निघाले आहेत.