हुडकेश्वरच्या तीस बायका आणि एक गॉगल

चूक तुमचीच होती, साहेब. सर्वेक्षणाच्या त्या परिपत्रकाखालची सही कुणालाच वाचता आली नाही, म्हणून तुम्ही नेमके कोण हे अजून कळलेलं नाही. पण ज्या हाताने फॉर्मच्या पहिल्या ओळीत ‘तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील’ असं लिहिलं, त्याच हाताने शेवटच्या ओळीत नाव, मोबाइल नंबर, सही आणि ठिकाण दाखवणारा फोटो मागितला. मधल्या बावीस प्रश्नांत तुम्ही वर काय लिहिलं ते विसरलात. विसरलात तुम्ही, आणि निस्तरावं लागलं उमरेडच्या दीपमालाला.

दीपमाला समाजशास्त्रात एम.ए. करत होती. तिच्या घरात हातमागावर बसणारी ही चौथी पिढी आणि एम.ए.च्या वर्गात बसणारी पहिली. दुसऱ्या वर्षाला विभागाने संशोधन पद्धतीचं दहा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. त्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय लघुशोधप्रबंध जमा होणार नाही, आणि प्रबंध जमा झाल्याशिवाय एम.ए. होणार नाही, असा नियम. तेव्हा ती रोज सकाळी सातच्या एसटीने नागपूरला यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या मयुरा मॅडम म्हणाल्या, “वचन मोडून मिळवलेली माहिती ही माहिती नसते, चोरी असते.” दीपमालाने ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. शेजारी बसलेल्या रजतने वहीत क्रिकेटचं मैदान काढलं आणि फिल्डिंग लावली.

शेवटचे तीन दिवस प्रत्यक्ष कामाचे. नागपूरच्या हुडकेश्वर भागातला एक लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, ठरवून दिला होता. दर पाचवं घर घ्यायचं, मनाने घर निवडायचं नाही, घरातल्या विवाहित बाईशी ती एकटी असताना बोलायचं आणि विचारायचं, तुमच्या घरात निर्णय कोण घेतं. अशा तीस बायका प्रत्येकाने करायच्या होत्या. मार्च संपत आला होता, ऊन असं की डांबरात चप्पल रुतावी.

दीपमालाचं पहिलं घर निघालं प्रेमलताकाकूंचं. काकूंनी पाणी दिलं, पंखा वाढवला. पण पहिला प्रश्न विचारला तसं उत्तर आतल्या खोलीतून आलं. उत्तर देणारे गणपतराव, काकूंचे यजमान. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि कुणाचाही फॉर्म दिसला की त्यांना तो आपणच भरावा असं वाटे.

“लहान निर्णय ते घेते, मोठे मी घेतो. लिही,” ते म्हणाले.

“अवो, सांबार संपला,” काकू म्हणाल्या. “घेऊन या.”

“काल त आणला होता जुडीभर.”

“आज संपला.”

गणपतराव पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला निघाले. हा निर्णय लहान होता की मोठा, हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात टाकायचं ते दीपमालाला कळेना.

ते कोपऱ्यावर वळले तसं काकूंनी दार लोटलं आणि खरं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गणपतरावांनी घर विकून मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं होतं. काकूंना जायचं नव्हतं. त्या नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, की बाबांना म्हण, फ्लॅट लहान आहे, इतक्यात येऊ नका. मुलाने तसं म्हटलं. गणपतराव दुखावले, आठ दिवस जेवणात मीठ कमी आहे म्हणत राहिले, आणि नवव्या दिवशी चारचौघांत सांगू लागले की पुण्याचं पाणी आपल्याला मानवत नाही, म्हणून आपण बेत रद्द केला.

“हे लिही पोरी, पण नाव नको,” काकू म्हणाल्या. “म्हाताऱ्याले समजलं त लागन त्याले.”

दीपमालाने वचन दिलं. आणि मग शेवटचं पान उलटलं.

काकूंनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मग त्या म्हणाल्या, “नाव गुप्त ठेवतो म्हणता अन् सही मागून राहिले? अन् हा फोटो कशाले वं?”

दीपमालाने खालमानेने सांगितलं, की परिपत्रकाप्रमाणे बाई आणि तिचं घर दिसायला पाहिजे, फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप छापून येतात.

“म्हणजे चोराले चावी नाई द्याची, फक्त दार उघडं ठेवाचं.”

दीपमालाने नाव आणि नंबरच्या जागा कोऱ्या सोडल्या. सहीचंही तिने निभावलं. तोंडी संमती चालते हे वर्गात शिकवलं होतं. तिने सहीच्या जागी ‘तोंडी संमती मिळाली’ असं लिहून खाली स्वतःची सही केली. फोटोचं काय करायचं ते मात्र काकूंनी ठरवलं. त्यांनी खुंटीवरचा दुपट्टा काढला आणि नागपूरची कुठलीही बाई उन्हात गाडीवर निघताना बांधते तसा डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून गच्च बांधला. वर काळा गॉगल चढवला. आता त्या प्रेमलताही नव्हत्या आणि कुणी काकूही नव्हत्या. घरही दिसायला नको म्हणून त्या चार प्लॉट चालत गेल्या, लेआउटच्या सार्वजनिक मैदानाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काढ.”

ही बातमी दीपमालाच्या पुढे धावत गेली. तीन दिवस ती दर पाचव्या घराची कडी वाजवत राहिली. कुलूप असलं तर पुढचं घर, नियमाप्रमाणे. कुणी तिला टाळलं नाही. बायकांनी दारं लावून, नवऱ्यांना कामाला पिटाळून जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, आणि मग दुपट्टा बांधून मैदानाच्या फाटकाशी गेल्या. ज्यांच्याकडे गॉगल नव्हता त्यांना काकूंनी स्वतःचा दिला. तिसऱ्या दिवशी तीस बायका पूर्ण झाल्या तेव्हा दीपमाला एसटीत बसून झोपली नाही, फॉर्म मांडीवर घेऊन उमरेडपर्यंत नुसती बघत राहिली. एवढं खरं तिने एकगठ्ठा कधी वाचलं नव्हतं.

रजतने हुडकेश्वर पाहिलंच नाही. त्याची आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला राहायची, तिच्याकडे हळदीकुंकू होतं. त्याने तिथे ओळीने तीस फोटो काढले, सगळे चेहरे स्वच्छ, कपाळाला ताजं कुंकू. उत्तरं त्याने दुपारी कूलरसमोर बसून स्वतः लिहिली. फोटोवर जरीपटका छापून आलं होतं, फॉर्मवर हुडकेश्वर लिहिलं होतं. तपासणी समितीने चेहरे मोजले, तीस भरले, आणि शेरा दिला, ‘उत्कृष्ट’.

मग दीपमालाची फाइल उघडली. एक दुपट्टा, एक गॉगल, एक फाटक. पुढच्या पानावर दुपट्टा, गॉगल, फाटक. अध्यक्षांनी सहा-सात पानं उलटली आणि फाइल टेबलावर आपटली. त्यांचं म्हणणं असं, की ही एकच बाई तीस वेळा कपडे बदलून उभी केलेली आहे. अक्षांश-रेखांश तेच. तीसही फॉर्मांवर अक्षर एकच. दीपमालाने सांगितलं, की अक्षर एकच असणार, कारण मुलाखत घेणाराच फॉर्म लिहितो. अध्यक्षांना हे नवीन होतं, पण नवीन वाटलं असं दिसू द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हुकूम केला, की गुरुवारी अकरा वाजेपर्यंत तीस बायकांची नावं आणि मोबाइल नंबर आणा, नाहीतर बनावट माहिती म्हणून फाइल रद्द. फाइल रद्द म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि पुढचं सगळंच नाही.

बाहेर आल्यावर मयुरा मॅडमनी तिला खांबाआड घेतलं. बाई वाईट नव्हत्या, पण फाइलला भीत होत्या. म्हणाल्या, पाच नावं दे, मी हळूच फोन करते, प्रकरण मिटवते.

“मॅडम, एक जरी दिलं तरी चोरीच होईल ना?” दीपमाला म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत.”

मॅडमचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांचाच पेपर त्यांना तपासायला दिला. आपलं वाक्य कुणी लिहून घेतं, आणि लिहून घेऊन वर ते पाळतंही, हे त्यांना वीस वर्षांत पहिल्यांदा दिसत होतं.

दीपमाला हुडकेश्वरला गेली ती काही मागायला नाही. फक्त सांगायला, की काकू, फॉर्म कदाचित रद्द होतील, पण तुमचं नाव कुठे जाणार नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. एम.ए. अडेल का, असं विचारलं. अडेल, असं ती म्हणाली. मग काकूंनी एवढंच विचारलं, “गुरुवारी किती वाजता म्हणते तो?”

गुरुवारी पावणेअकराला विभागाच्या आवारात गाड्या शिरायला लागल्या. मोपेडी, स्कूटर, दोन ई-रिक्षा. उतरणारी प्रत्येक बाई दुपट्ट्यात गुंडाळलेली. फाटकावरच्या चौकीदाराने वहीत नाव लिहा म्हटलं. एकीनेही लिहिलं नाही. चौकीदार शहाणा माणूस, समितीत नव्हता म्हणून शहाणा राहिला असेल. त्याने वहीत लिहिलं, ‘महिला, ३४’, आणि दार उघडलं.

अध्यक्षांनी मोजल्या. चौतीस भरल्या. त्यांना वाटलं, आता सापडली.

“फॉर्म तीस आहेत. या चार कोण?”

मागून आवाज आला, “आमाले काहून नाई विचारलं, हे विचाराले आलो आमी. आमच्या घरी का निर्णय होत नाईत?”

चार घरं पाचव्या क्रमांकात बसली नव्हती आणि त्यांचा राग गेला नव्हता. अध्यक्षांनी दीपमालाला विचारलं, यातल्या तुझ्या तीस कोणत्या ते दाखव. ती म्हणाली, ते मला सांगता येणार नाही, सर. मयुरा मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि अख्ख्या समितीसमोर म्हणाल्या, “तिने सांगितलं असतं, तर मी तिला नापास केलं असतं.”

आता अध्यक्षांकडे एकच रस्ता उरला, तो म्हणजे फॉर्म वाचणं. इतक्या दिवसांत ते कुणी केलं नव्हतं. त्यांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म ओढला आणि मोठ्याने वाचायला लागले. दीपमालाने दाराकडे पाहिलं. दारात गणपतराव उभे होते. काकूंना गाडीवर तेच घेऊन आले होते, आणि आत समिती बसली आहे म्हटल्यावर तिला सल्ला दिल्याशिवाय घरी जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

अध्यक्ष वाचत होते, “कुटुंबाने परगावी स्थलांतर करण्याचा निर्णय रद्द. जाहीर निर्णयकर्ता, पती. प्रत्यक्ष निर्णयकर्ती, पत्नी, अपत्यामार्फत. पतीस कल्पना नाही. निर्णय आपणच घेतला, असे पती इतरांस सांगतो.”

दारातून गणपतराव खळखळून हसले.

“हा नवरा त अगदीच भोळा दिसते, साहेब,” ते म्हणाले. “बायको नाचवून राहिली अन् याले पत्ताच नाई. आमच्या लेआउटातला नसन हा, लिहून घ्या. आमच्याकडचे माणसं हुशार आहेत.”

तिसऱ्या रांगेतला एक काळा गॉगल जरासुद्धा हलला नाही. बाकीचे तेहतीस दुपट्टे मात्र खालून थरथरायला लागले. दीपमालाने वहीत तोंड खुपसलं. तिने लिहिताना गाव, मुलगा, फ्लॅट, सगळं पुसून टाकलं होतं, वर्गात शिकवल्याप्रमाणे. घरच्या माणसाला स्वतःचंच घर ओळखू आलं नाही, इतकं स्वच्छ पुसलं होतं.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी तो फॉर्म पुन्हा मनातल्या मनात वाचला. बारा वर्षांपूर्वी त्यांची गडचिरोलीची बदली ऐनवेळी रद्द झाली होती, आणि ती आपण वर शब्द टाकून रद्द करवली असं ते आजवर सांगत आले होते. नेमका शब्द कुणी टाकला होता, हे त्यांनी कधी नीट तपासलं नव्हतं. त्यांनी दुसरा फॉर्म वाचला, मग तिसरा, बसून, पाणी पिऊन. साडेबाराला त्यांनी फाइलवर सही केली. शेरा लिहिला, ‘माहिती अस्सल वाटते.’ चेहऱ्यांबद्दल काही लिहिलं नाही.

प्रमाणपत्र मिळालं, प्रबंध जमा झाला. जूनमध्ये दीपमाला एम.ए. झाली, विभागात दुसरी. उमरेडला तिच्या बापाने त्या दिवशी माग बंद ठेवला. असं तो फक्त कुणाच्या मरणाला किंवा लग्नाला करायचा, म्हणून शेजारी विचारायला आले की कोण गेलं.

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती, साहेब. पण जुलैत तुमचं पत्र आलं, त्याच न वाचता येणाऱ्या सहीचं. ‘छायाचित्रांत उत्तरदात्यांची ओळख पटत नसल्याबाबत तीन दिवसांत खुलासा सादर करावा.’ मयुरा मॅडमनी या वर्षीच्या फॉर्ममधून शेवटची ओळ आधीच स्वतःच्या हाताने खोडून टाकली होती. त्यांनी दीपमालाला बोलावून ते पत्र आणि पेन तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, तू लिही, खाली सही मी करते.

खुलासा तिसऱ्या दिवशी पाठवला, पोचपावती आहे. त्यात एकच प्रश्न होता, आणि आज चार महिने झाले तरी त्याला उत्तर आलेलं नाही, म्हणून इथे पुन्हा विचारावा लागतो आहे. एका छताखाली पस्तीस वर्षं राहिलेल्या नवऱ्याला जी बाई ओळखू आली नाही आणि त्यामुळे काहीच बिघडलं नाही, तिला ओळखून तुम्हाला काय करायचं होतं? उत्तर लेखी द्या. आणि या वेळी खाली नाव वाचता येईल असं लिहा.