पवार सरांचं मुगीतु

आमच्या शाळेतले पवार सर चहासुद्धा सूचना देऊनच पाजत. "आवं बाई, कप धरा. फुंकर मारा. प्या. कप खाली ठेवा. मुगीतु." मुगीतु म्हणजे कानडीत 'संपलं'. सर पाटणचे. कानडीतला हा एकच शब्द त्यांना येई, आणि तेवढ्यावर जत तालुक्यात त्यांचं उत्तम चाललं होतं.

शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापिका मी आणि शिक्षक ते. नवीन आले तेव्हा त्यांच्या सूचनेला शेंडाबुडखा नसे. "वह्या काढा, म्हणजे आधी दप्तर ठेवा, पण हात धुतले का?" एवढं ऐकून निम्मी पोरं नळावर जायची आणि निम्मी घरी.

पहिल्याच महिन्यात त्यांनी दुसरीच्या मुलांना शाळेमागच्या चिंचेखाली बसवलं. "मी येईपर्यंत कुणी उठायचं नाही," म्हणाले. तेवढ्यात तालुक्याहून फोन आला आणि सर मागवलेले कागद घेऊन जतला गेले. सुट्टीची घंटा झाल्यावर पोरं पळाली. मी कुलूप लावून घरी आले. चिंचेखाली डोकावले नाही, ही चूक माझी. विसरलेला डबा न्यायला सर सहाच्या सुमारास परतले, तर दुसरीतली रेणुका एकटीच तिथं बसलेली. तिच्या घरी कानडी बोलतात.

"अगं, उठली का न्हाईस?"

"तुमी येईस्तवर म्हनला हुता." मग तिनं विचारलं, "आता मुगीतु?"

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते बराच वेळ खिडकीतून चिंचेकडे बघत बसले. त्या दिवसापासून त्यांची एकही सूचना शेवटाशिवाय सुटली नाही.

न्हाव्याला म्हणत, "कानापर्यंत कापा. थांबा. मुगीतु." एकदा तपासणीला साहेब आले. "साहेब, खुर्चीत बसा. शेरा लिहा. चहा प्या. मुगीतु." साहेब चहा पिऊन खरंच निघून गेले. एवढी आटोपशीर तपासणी माझ्या नोकरीत दुसरी झाली नाही.

संध्याकाळी शाळा सुटली की तिथूनच पाटणला आईला फोन. "आई, गोळी घे. पाणी पी. मुगीतु." आई शिस्तीची, लगेच फोन ठेवायची. सरांना अजून बोलायचं असे. मग ते फोन हातात धरून माझ्याशी बोलत बसत. खोलीवर एकटेच राहायचे, जायची घाई नसे.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा कार्यक्रमही त्यांनीच चालवला. "बाई, उभ्या राहा. हार घ्या. बसा. मुगीतु." पोरं हसली, मीही हसले. माझ्या जागी कोण येणार, ते ठरलं नव्हतं. उद्यापासून चारही वर्ग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात, आणि दुपारच्या डब्याला समोर कुणी नाही. हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

वडापच्या जीपमध्ये त्यांनी माझी पिशवी ठेवली. म्हणाले, "बाई, शनिवारी शाळा सकाळची असती. यायचं. येताना पिठलं-भाकरी आणायची. चिंचेखाली बसून खायची."

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. सर पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. दिवसभर न आलेलं रडू मला तिथं आलं.

तेव्हापासून दर शनिवारी जाते. कुठवर, ते मी अजून विचारलेलं नाही.